लिंबाने चरबी वितळते का हो?

कुवेतमध्ये चार मराठी कुटुंबं जेवायला एकत्र आली की गप्पा कुठूनही सुरू होवोत, सुट्टीची तिकिटं, अकामा, दिनारचा भाव, मुलांच्या परीक्षा, पण ताटं उचलल्यावर त्या हमखास एकाच विषयावर येऊन टेकतात. तो विषय म्हणजे पोट. आणि मग कोणीतरी खात्रीने सांगतं, "काही नाही हो, रोज सकाळी अनशापोटी कोमट पाण्यात लिंबू पिळून घ्या. चरबी नुसती वितळते!" दुसऱ्या वहिनी म्हणतात, त्यात मध हवाच. तिसरे भाऊजी ग्रेपफ्रूटचं नाव काढतात. चौथ्यांच्या पुतण्याने कसल्याशा गोळ्या मागवलेल्या असतात, 'अगदी नैसर्गिक, नुसत्या संत्र्याच्या'.

मंडळी, या गोष्टी ऐकून आमचेही कान किटले होते. म्हणून यंदा ठरवलं की लिंबू, संत्रं, मोसंबी, ग्रेपफ्रूट या भावंडांचा आणि आपल्या अंगावरच्या मेदाचा खरोखर काय संबंध आहे तो जरा नीट बघावा. बघता बघता लक्षात आलं की ही बाब निव्वळ गंमतीची नाही. यात थोडं तथ्य आहे, पुष्कळशी अतिशयोक्ती आहे आणि एके ठिकाणी चक्क धोका आहे. तो धोका आपल्यासारख्या परदेशस्थ कुटुंबांना जरा जास्तच लागू पडतो.

आपल्याला इतकी काळजी कशाला?

आधी हे पाहू. कुवेत हा लठ्ठपणा आणि मधुमेहाच्या बाबतीत जगातल्या वरच्या क्रमांकाच्या देशांपैकी एक. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या अहवालात इथल्या प्रौढांमधलं मधुमेहाचं प्रमाण २४.९ टक्के दिलं आहे, म्हणजे जवळजवळ चारात एक. कारणं आपण रोज जगतो. २१ जुलै २०१६ रोजी इथल्या मित्रिबाह येथे ५३.९ अंश सेल्सियस तापमान नोंदलं गेलं. अशा उन्हात पायी जाणार कोण? घरातून गाडीत, गाडीतून ऑफिसात, ऑफिसातून पुन्हा गाडीत. आणि जमियात सगळं एका छपराखाली.

त्यात आपली जात मुळात 'बारीक दिसणाऱ्या जाड्यांची'. हे आम्ही म्हणत नाही, पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ते दाखवून दिलं आहे. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचं आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र छापून आलं. दोघे शेजारी शेजारी उभे, दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! वजनकाटा एकच सांगत होता, आतला हिशेब मात्र दुपटीहून जास्त निघाला. आपल्याकडे ही चरबी विशेषतः पोटात, आतड्यांभोवती आणि यकृतात साठते. म्हणून भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि बाईची ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली की डॉक्टर भुवया उंचावतात, मग काटा काहीही सांगो.

तेव्हा 'चरबी वितळवणारं' काही मिळेल का, हा प्रश्न चेष्टेवारी नेण्यासारखा नाही.

नारंगाची करामत

या फळांच्या नावातच आपलं मोठं योगदान आहे बरं का. संस्कृत 'नारंग' फारसीतून अरबीत 'नारंज' झालं, तिथून युरोपात गेलं. गंमत अशी की आज सूक अल-मुबारकियात गोड संत्रं मागायचं तर 'बुर्तुकाल' म्हणावं लागतं, कारण अरबांना या गोड फळाचं नाव पोर्तुगालवरून मिळालं. आणि रसायनशास्त्रज्ञांनी ग्रेपफ्रूट-पपनसाला कडूपणा देणाऱ्या द्रव्याचं नाव ठेवलं 'नारिंजिन'. पुन्हा आपलंच नारंग!

या फळांत क जीवनसत्त्व असतं हे शाळेतलं पोरही सांगेल. पण त्याखेरीज त्यांत फ्लॅव्होनॉइड जातीची द्रव्यं असतात. मुख्य तीन ध्यानात ठेवू. संत्र्या-मोसंबीतलं हेस्पेरिडिन, जे लब्रेताँ नावाच्या फ्रेंच गृहस्थाने १८२८ साली सालीच्या आतल्या पांढऱ्या भागातून वेगळं केलं. दुसरं नारिंजिन, त्याचं आपल्या आतड्यात नारिंजेनिन होतं. आणि तिसरं नोबिलेटिन, जे मुख्यतः संत्र्याच्या जातीच्या फळांच्या सालीत असतं. म्हणजे पाहा, आपण जे सोलून कचऱ्याच्या पिशवीत टाकतो त्यातच हा ऐवज जास्त. इथल्या मचबूसमध्ये भोक पाडून अख्खी टाकतात ती काळी वाळलेली लूमी आणि आपलं लिंबाचं लोणचं, या दोनच ठिकाणी आपण सालीसकट लिंबू खातो. आणि लोणच्यातल्या मिठाबद्दल न बोललेलंच बरं.

उंदरांचं भलं झालं

आता या द्रव्यांचा चरबीशी संबंध काय? आपलं यकृत म्हणजे एक गोदाम समजा. जेवणातून आलेली जादा साखर आणि चरबी तिथे येते. काही जळते, काही तिथेच साठते आणि उरलेली गाठोडी बांधून रक्तात पाठवली जाते. या गाठोड्यांना व्हीएलडीएल म्हणतात. रक्ततपासणीत 'ट्रायग्लिसराइड' म्हणून जो आकडा येतो त्यातला बराचसा माल याच गाठोड्यांतला. त्यातूनच पुढे एलडीएल, म्हणजे 'वाईट कोलेस्टेरॉल' तयार होतं. गोदाम तुंबलं की त्याला फॅटी लिव्हर म्हणतात. हा शब्द आजकाल आपल्या सोनोग्राफीच्या रिपोर्टात सर्रास दिसतो.

कॅनडातल्या लंडन, ऑन्टारिओ या गावच्या विद्यापीठात डॉ. मरे हफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली नारिंजेनिनवर आणि २०११ साली नोबिलेटिनवर प्रयोग प्रसिद्ध केले. उंदरांना भरपूर चरबीचं खाद्य दिलं. काहींच्या खाद्यात हे द्रव्य मिसळलं. साधं चरबीचं खाद्य खाणारे उंदीर लठ्ठ झाले, त्यांची यकृतं तुंबली. द्रव्य मिळालेले उंदीर मात्र बऱ्याच अंशी बचावले. त्यांच्या यकृतात चरबी जास्त जळू लागली, नवी कमी तयार झाली आणि गाठोडी कमी बाहेर पडली. म्हणजे 'संत्र्यातल्या द्रव्याचा चरबीच्या चयापचयावर परिणाम होतो' हे विधान खोटं नाही.

पण थांबा. नोबिलेटिनच्या प्रयोगात एक किलो खाद्यात ३ ग्रॅमपर्यंत शुद्ध द्रव्य मिसळलं होतं. आपण खातो त्या फोडींत किंवा पितो त्या रसात ते मिलिग्रॅमच्या हिशेबात असतं. शेकडो पटींचा फरक! म्हणजे उंदरावरून माणसावर आणि चूर्णावरून फळावर अशा दोन उड्या एकदम मारून 'संत्रं खा, चरबी घालवा' म्हणणं हे शास्त्र नव्हे.

माणसांचं काय झालं?

ग्रेपफ्रूटचं खूळ जुनं आहे. 'हॉलिवूड डाएट' नावाने ते १९३० च्या दशकापासून फिरतं आहे. त्याची रीतसर चाचणी अमेरिकेत सॅन डिएगोच्या स्क्रिप्स क्लिनिकमध्ये झाली, २००६ साली ती प्रसिद्ध झाली. ९१ लठ्ठ माणसं, १२ आठवडे. काहींनी प्रत्येक जेवणाआधी अर्धं ताजं ग्रेपफ्रूट खाल्लं, काहींनी रस प्यायला, काहींनी ग्रेपफ्रूटची कॅप्सूल घेतली, काहींना नुसती खोटी गोळी. ताजं फळ खाणाऱ्यांचं वजन सरासरी १.६ किलोने उतरलं, रसवाल्यांचं १.५, कॅप्सूलवाल्यांचं १.१ आणि खोट्या गोळीवाल्यांचं ०.३. म्हणजे तीन महिने दिवसातून तीनदा ग्रेपफ्रूट खाऊन नफा सव्वा किलोच्या आसपास. वाईट नाही, पण यात 'वितळलं' म्हणण्यासारखं काही नाही. जेवणाआधी पाण्याने भरलेलं फळ पोटात गेलं की माणूस दोन घास कमी खातो, हेही त्यामागचं एक साधं कारण असू शकतं.

आणि आपलं लिंबू? एका लिंबाच्या रसात दहा-बारा कॅलरी. त्यात चमचाभर मध घातला की त्याच्या वीस वर. अंगावरची एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. आता लिंबू कुठे लढणार सांगा! लहानपणी खेळात एखादं बारकं पोर असायचं ना, पळायचं सगळ्यांबरोबर पण त्याच्यावर राज्य यायचं नाही? चरबीच्या खेळात लिंबू तसंच, लिंबूटिंबू.

'सिट्रिक आम्ल चरबी विरघळवतं' असंही एक शास्त्रोक्त वाटणारं वाक्य कानावर येतं. भांड्याचा तेलकटपणा लिंबाने जातो, मग पोटाचा का जाणार नाही, असा त्यामागचा सरळ हिशेब. पण सिट्रिक आम्ल आपल्या प्रत्येक पेशीत अहोरात्र तयार होतच असतं. हान्स क्रेब्ज यांनी १९३७ साली जे चक्र मांडलं त्याचं नावच सिट्रिक आम्लचक्र. उलट खाणं गरजेपेक्षा जास्त झालं की याच सिट्रेटपासून शरीर चरबी बनवतं! लिंबू पिऊन त्या चक्राला ना वेग येतो ना खीळ बसते.

या चरबी बनण्याच्या वाटेवर अडथळा आणणारं एक द्रव्य आपल्या कोकणातल्या कोकमात आणि त्याच्या दक्षिणेकडच्या भावंडात आहे, हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल. 'गार्सिनिया'च्या नावाने त्याच्या गोळ्या जगभर खपल्या. १९९८ साली अमेरिकेत १३५ जणांवर १२ आठवडे चाचणी झाली आणि खोट्या गोळीपेक्षा काडीचाही फायदा दिसला नाही. पुढे अशा गोळ्या घेणाऱ्या काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आल्या. आपलं सोलकढीतलं कोकम बिचारं निर्दोष आहे. तक्रार आहे ती त्याच्या नात्यातल्या अर्काच्या कॅप्सूलबद्दल.

'नैसर्गिक' गोळी

पुतण्याच्या त्या 'नुसत्या संत्र्याच्या' गोळ्यांबद्दलही सांगायला हवं. त्या गोड संत्र्याच्या नसतात, कडू नारिंगाच्या असतात. त्यात सिनेफ्रिन नावाचं उत्तेजक द्रव्य असतं. पूर्वी अशा गोळ्यांत एफेड्रा नावाची वनस्पती असायची. हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात यांच्या तक्रारींनंतर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००४ साली तिच्यावर बंदी घातली, तेव्हा कारखानदारांनी तिच्या जागी कडू नारिंग आणून बसवलं. सोबत बहुधा कॅफीनचा मोठा डोस. ज्याला रक्तदाब आहे, छातीत धडधड होते, त्याने या वाटेला मुळीच जाऊ नये. नैसर्गिक तर धोत्राही असतो!

खरी गोम इथे आहे

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला तो मुद्दा. उंदरांचे ते प्रयोग झाले त्याच लंडन, ऑन्टारिओ गावात डॉ. डेव्हिड बेली नावाचे संशोधक होते. १९८९ च्या सुमारास ते फेलोडिपिन या रक्तदाबाच्या गोळीवर मद्याचा काय परिणाम होतो ते तपासत होते. मद्याची चव लपवायला त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला. आणि पाहतात तो काय, रक्तातलं औषध अपेक्षेपेक्षा कितीतरी पट जास्त! चूक मद्याची नव्हती, रसाची होती. १९९१ साली त्यांनी ते 'लॅन्सेट'मध्ये सिद्ध करून मांडलं.

कारण असं. आपल्या आतड्याच्या अस्तरात एक एन्झाइम पहारेकऱ्यासारखं बसलेलं असतं. पुष्कळशी औषधं आत येताना ते त्यांचा काही भाग मोडून टाकतं, आणि डॉक्टर हे गृहीत धरूनच गोळीचा डोस ठरवतात. ग्रेपफ्रूटमधली फ्युरानोकुमरिन नावाची द्रव्यं या पहारेकऱ्यालाच निकामी करतात. मग २० मिलिग्रॅमची गोळी अंगात पुष्कळ मोठ्या गोळीसारखी वागते. एक फळ किंवा एक ग्लास रस यासाठी पुरतो, आणि परिणाम २४ तासांहून जास्त टिकतो. म्हणून 'फळ सकाळी, गोळी रात्री' ही युक्ती चालत नाही.

कुठल्या गोळ्या? कोलेस्टेरॉलसाठीची सिम्वास्टॅटिन घेणाऱ्याने ग्रेपफ्रूट पूर्ण टाळावं. अटोर्वास्टॅटिनवाल्याने त्याचा रस भरपूर पिऊ नये. रोसुवास्टॅटिनला मात्र हा त्रास नाही. फेलोडिपिन, निफेडिपिन या रक्तदाबाच्या गोळ्या, हृदयाच्या ठोक्यांसाठीची अमियोडेरोन, मूत्रपिंड बदलल्यानंतरची सायक्लोस्पोरिन, अशी यादी बरीच मोठी आहे. आणि केवळ ग्रेपफ्रूट नव्हे, आपलं पपनस आणि कडू नारिंगही याच टोळीतलं. साधं गोड संत्रं मात्र या गुन्ह्यात नाही, ते निर्धास्त खावं.

आता आपल्या घरांकडे बघा. गोळ्या येतात गावाहून. सांगलीचे, नाशिकचे आपले नेहमीचे डॉक्टर लिहून देतात, आपण सहा महिन्यांचा साठा बॅगेत भरून आणतो. तिकडे ग्रेपफ्रूट घरोघर खाल्लं जात नाही, म्हणून विषय सहसा निघत नाही. इकडे ते जमियात ढिगाने असतं आणि वजन उतरवायला चांगलं अशी त्याची ख्याती. गोळी एका देशातली, फळ दुसऱ्या देशातलं, आणि दोघांची गाठ पडते ती थेट आपल्या पोटात. मध्ये विचारायला कोणी नाही.

आमच्या परिचयातल्या एका गृहस्थांनी असाच पोट कमी करण्याचा चंग बांधला. रोज सकाळी ग्रेपफ्रूट, संध्याकाळी चालणं, रात्री कोलेस्टेरॉलची जुनी गोळी. काही आठवड्यांनी मांड्या-पोटऱ्या इतक्या दुखू लागल्या की जिना चढवेना. ते म्हणत, "चालण्याची सवय नाही ना, म्हणून." वहिनींना काही ते पटेना, त्या त्यांना बळेच इथल्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टरांनी गोळीचं नाव वाचलं आणि पहिलाच प्रश्न केला, "नाश्त्याला काय घेता?" फळ बंद झालं, गोळी बदलली, दुखणं ओसरलं. सगळा दोष त्या फळाचाच होता असं छातीठोकपणे कोणी म्हणणार नाही. पण स्टॅटिन जातीच्या गोळीचं प्रमाण अंगात फार वाढलं तर स्नायूंना इजा होते आणि क्वचित ती मूत्रपिंडापर्यंत जाते, हे मात्र पक्कं ठाऊक असलेलं आहे. त्या दिवशी वहिनी हटून बसल्या हे बरं झालं.

मग करायचं काय?

लिंबू सोडायचं नाही, मंडळी! लिंबाशिवाय वरण-भात आणि पोहे कोणाला गोड लागणार? फक्त त्याच्याकडून अपेक्षा योग्य ठेवायची. आमच्या मते घरात एवढं पाळावं:

एक, फळ खावं, रस पिऊ नये. एका मध्यम संत्र्यात ६० च्या आसपास कॅलरी आणि तीन ग्रॅम चोथा असतो. ग्लासभर रसात ११० कॅलरी, वीसेक ग्रॅम साखर आणि चोथा जवळजवळ शून्य. पोट भरतं आणि कोलेस्टेरॉलला थोडाफार आळा बसतो तो या चोथ्याने. फोडींवरचे पांढरे धागेही सोलत बसू नयेत. हेस्पेरिडिन तिथेच आहे.

दोन, लिंबू हे साखरेच्या आणि मिठाच्या बदली वापरावं, जोडीला नव्हे. सरबतात तीन चमचे साखर घातली तर ग्लासामागे पन्नासेक कॅलरी होतात. उन्हाळ्यात दिवसाला चार ग्लास म्हणजे दोन पोळ्या आपण प्यायलो! हॉटेलातल्या लेमन-मिंटमध्ये साखर किती ते तर दिसतही नाही. कोशिंबिरीत, उसळीत मात्र लिंबू सढळ हाताने पिळावं, मीठ कमी लागतं.

तीन, घरातल्या प्रत्येकाच्या गोळ्यांची नावं एका कागदावर लिहून तो कागद पाकिटात ठेवावा. गावी सुट्टीवर गेलात की डॉक्टरांना आपणहून सांगा, "आमच्याकडे ग्रेपफ्रूट मिळतं, चालेल का?" इथल्या फार्मसीतही विचारता येतं. आई-बाबा व्हिजिटवर आले असतील तर त्यांच्या गोळ्यांचं आधी बघा. पाहुण्यांच्या ताटात कौतुकाने ग्रेपफ्रूट वाढणारे आपणच असतो. आणि फळापायी गोळी मात्र मनाने बंद करू नका. सोडायचं झालं तर फळ सोडा.

चार, गोळी कितीही 'हर्बल' असो, वजनासाठी ती डॉक्टरांना दाखवल्याशिवाय तोंडात टाकू नये.

आणि पाच, चालणं. चरबी जाळणारं यकृताइतकंच मोठं यंत्र म्हणजे आपले स्नायू, आणि ते चालवल्याशिवाय चालत नाहीत. हिवाळ्यात गल्फ रोडचा समुद्रकिनारा आहे, उन्हाळ्यात अव्हेन्यूजसारख्या मॉलचे गार रस्ते आहेत, दुकानात न शिरता चालता येईल एवढा निग्रह मात्र हवा. काटा हलला नाही तरी कंबरेवर टेप लावून बघा. याज्ञिकांच्या त्या छायाचित्राने शिकवलेला धडा तोच आहे.

तेव्हा वाचकहो, पुढच्या वेळी कोणी "लिंबाने चरबी वितळते" म्हणालं, तर वाद घालू नका. हसून त्यांना लिंबू पिळलेली कोशिंबीर वाढा, आणि हळूच विचारा, "भाऊजी, कोलेस्टेरॉलची गोळी कुठली घेता हो?"